मुका रुग्ण आणि आपली जबाबदारी

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख द्यावयाचा म्हणजे लसीकरण, कुपोषण किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय निवडावा, अशी संपादक मंडळाची रास्त अपेक्षा असते. यंदा मात्र मी एका टर्की पक्ष्याच्या पायाविषयी लिहिणार आहे. वाचकांनी याला विनोद समजू नये. या एका पायाच्या निमित्ताने आपल्या व्यवसायातील एका सवयीविषयी मला स्पष्ट बोलावयाचे आहे, आणि त्या सवयीचा दोषी मी स्वतःही आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना एका संध्याकाळी बारा वर्षांचा एक मुलगा आजीला घेऊन शाहपूरच्या माझ्या दवाखान्यात आला. तो जन्मापासूनचा माझा रुग्ण. त्या दिवशी मात्र रुग्ण टोपलीत होता. आषाढात मामाने आणून दिलेले टर्कीचे पिल्लू आता तीन महिन्यांचे, सुमारे तीन किलो वजनाचे झाले होते. मुलाने त्याचे नाव 'राजा' ठेवले होते. "डॉक्टर काका, काल संध्याकाळपर्यंत चालत होता. आज सकाळी अचानक पाय गेला. उठतच नाही," एवढे सांगून तो रडू लागला. आजी म्हणाल्या, "साहेब, पोराने सकाळपासून अन्नाला हात लावला नाही. काहीतरी एखादी सुई द्या."

मी टोपली दवाखान्याच्या मागच्या पडवीत नेण्यास सांगितले. जिथे तान्ही बाळे तपासली जातात तिथे आजारी पक्षी नको, एवढे भान मला होते. पण पडवीत पोचेपर्यंत माझ्या सहायकाने डायक्लोफेनॅकची कुपी फोडून सिरिंज भरलीसुद्धा होती. त्याला तरी दोष कसा द्यावा? दुखणे म्हणजे सुई, हे त्याने माझ्याकडेच पाहिलेले. आणि खरे सांगतो, मीही मनातल्या मनात वजनावरून मात्रा काढू लागलो होतो.

त्याच क्षणी मला वीसेक वर्षांपूर्वीची एक कोंबडी आठवली. शेजारच्या घरची ती कोंबडी लंगडत होती. शेजारधर्म म्हणून मी तिला न तपासताच मुलांचे वेदनाशामक औषध दिले होते. दुसऱ्या दिवशी ती मेली. ती औषधानेच मेली की मूळ आजाराने, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण तिला आजार कोणता होता, हे मी पाहिलेच नव्हते. शेजाऱ्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट "डॉक्टरांनी प्रयत्न केला" म्हणून आभार मानले. ते आभार मला आजही टोचतात.

मी सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली आणि खाली बसलो.

'अचानक' म्हणजे केव्हा?

आपल्याकडे दहातले निम्मे पालक सांगतात की मुलाला 'अचानक' झाले. तीस वर्षांच्या अनुभवातून मी एक गोष्ट शिकलो आहे. पुष्कळदा आजार अचानक सुरू होत नाही. तो अचानक लक्षात येतो. म्हणून बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असावा, की त्याच्या आधीच्या आठवड्यात काय काय बदलले होते? मी तो प्रश्न विचारला. मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आठ दिवसांपासून तो थोडा बसून बसून खायचा. मला वाटले, आळशी झाला."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पक्षी राहत होता घराच्या मागच्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर. घरातल्या बाकीच्या चार कोंबड्या ठणठणीत होत्या. याला सर्दी, धाप, हगवण काही नव्हते. मान वाकडी होत नव्हती. दाणा पुढे केला की तो बसल्या जागेवरून आवडीने खात होता. दोष एकाच पायाला होता. तळव्याला जखम नव्हती, पिसांखाली गोचीड नव्हते. मात्र पायाच्या मधल्या सांध्याशी सूज होती आणि त्याखालचा भाग बाहेरच्या बाजूला वळला होता.

येथे एक गोष्ट नमूद करतो. पक्ष्याच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो, तो वस्तुतः त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. एम.डी. झालेल्या माणसाला एवढेही ठाऊक नसावे आणि त्याने सुई भरावी, यातच सारे आले.

मी पशुवैद्यांना दूरध्वनी केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पक्षी पाहिला आणि दोन मिनिटांत निदान केले. पोटरीकडून येणारी कंडरा घोट्यामागच्या आपल्या खाचेतून बाजूला घसरली होती. याला पेरोसिस म्हणतात. झपाट्याने वजन वाढणाऱ्या पिल्लांत हाडांची वाढ नीट होत नाही, घोटा रुंद व चपटा होतो आणि एखाद्या दिवशी कंडरा जागा सोडते. आठ दिवस चाललेली ही गोष्ट त्या सकाळी 'अचानक' झाली होती.

खाद्याचा इतिहास

पशुवैद्यांचा पहिला प्रश्न होता, "खायला काय देता?" आजींनी अभिमानाने सांगितले, "मक्याचा भरडा, तांदळाची कणी, शिळी पोळी. आणि केळी म्हणाल तर घरचीच!" आपल्या केळीच्या मुलखात यात नवल नाही. यात प्रेमाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती मँगनीज, कोलीन, बायोटिन, नायसिन आणि प्रथिने यांची. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यांत कोंबडीच्या पिल्लापेक्षाही अधिक, म्हणजे सुमारे २८ टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते. नायसिनची गरजही त्याची मोठी असते, आणि मक्यातील नायसिन शरीराला सहजासहजी मिळत नाही. पोट भरलेले आणि शरीर उपाशी, ही अवस्था आपण बालरोगतज्ज्ञ रोज पाहतो. बिस्किटे आणि चहावर वाढणारी गुटगुटीत बालके वाचकांनी आठवावीत.

पक्ष्यांचे पाय आणि खाद्य यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. किंबहुना जीवनसत्त्वांची कल्पनाच कोंबड्यांच्या लुळ्या पायांतून पुढे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरीचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. जंतू शोधून ते थकले. पुढे कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेला, पांढरा तांदूळ घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना देण्यास नकार दिला, त्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. कोंड्यातील ज्या घटकाने हे घडले, त्याला आज आपण थायमिन म्हणतो. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, कोंबडीला काय घातले, हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

इच्छापूरची आठवण

त्या संध्याकाळी माझ्या मनात आणखी एक भीती होती, आणि ती आपल्या भागातील कोणत्याही डॉक्टराच्या मनात असावयास हवी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. पाठोपाठ जळगाव जिल्हा, आणि नंतर आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूर. ते गाव आपल्यापासून किती दूर आहे, हे शाहपूरकरांना सांगण्याची गरज नाही. घरोघरच्या कोंबड्या नष्ट करणारी पथके, रिकामी झालेली खुराडी आणि आपल्या कोंबडीसाठी रडणारी मुले त्या काळात आपण सर्वांनी पाहिली किंवा ऐकली.

पक्ष्याचा पाय लुळा पडणे हे बर्ड फ्लूतही दिसू शकते आणि राणीखेत रोगातही. बहुतेक वेळा कारण साधे असते: आहार, इजा, तळव्याचा गळू, निसरडी जमीन. पण साधे कारण आहे, हे तपासून ठरवायचे असते. गृहीत धरायचे नसते. एकच पक्षी लंगडतो आणि आवडीने खातो, ही एक गोष्ट. अनेक पक्षी एकदम मलूल होतात, मान वाकडी करतात, तुरा निळा पडतो, पटापट मरतात, ही अगदी वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रसंगी पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला ताबडतोब कळविणे हेच कर्तव्य ठरते. नमुने कोणी घ्यावेत आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे कसे पाठवावेत, हे त्या खात्याला माहीत असते.

यात बालरोगतज्ज्ञाचा संबंध काय, असे कोणी विचारील. २०२१ साली हरियाणातील एका शाळकरी वयाच्या मुलाचा दिल्लीत एच५एन१ने मृत्यू झाला. भारतात या विषाणूने झालेला माणसाचा तो पहिला नोंदलेला मृत्यू होता. पक्षी मुलांच्या मांडीवर वाढतात. आजारी पक्ष्याची बातमी सर्वांत आधी मुलाकडे असते आणि मूल आपल्याकडे येते.

आपल्या पिढीने एक फार मोठे काम पाहिले आहे. पंधरा वर्षांखालील मुलाच्या अंगात अचानक लुळेपणा आला, की कारण काहीही वाटो, आपण ते कळवत आलो. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने पाठवत आलो. यातील बहुसंख्य मुलांना पोलिओ नव्हता. तरी प्रत्येक लुळा पाय मोजला गेला, म्हणूनच जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण राहिला नाही, हे आपण खात्रीने म्हणू शकलो आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळाले. 'बहुधा काही नसेल' असे म्हणून आपण थांबलो असतो, तर ते झाले नसते. ही शिस्त मुलापाशी येऊन संपू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गिधाडांनी दिलेला धडा

आता त्या सिरिंजकडे परत येतो. डायक्लोफेनॅक हे माणसांसाठी उपयुक्त औषध आहे. तेच औषध गुराढोरांना दिले गेले, ती मेल्यावर गिधाडांनी त्यांचे मांस खाल्ले, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मेली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले, तोवर आपल्याकडील काही जातींच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. भारताने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ साली जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाले. या कुप्या माणसांच्या डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या कपाटातून बाहेर पडल्या होत्या, हे आपण विसरू नये.

प्रतिजैविकांचेही तसेच. मुलाच्या उरलेल्या सरबतातील चार थेंब कोंबडीच्या पाण्यात टाकणारी घरे मला ठाऊक आहेत. त्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो, ते अंडे पुन्हा मुलाच्या ताटात येते, आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र साऱ्या गावाचे होतात. कोलिस्टिनसारखे, अतिदक्षता विभागात अखेरचा आधार असणारे औषध २०१९ पर्यंत कोंबड्यांच्या वाढीसाठी वापरले जात होते. ते सरकारने बंद केले. घरगुती गैरवापर बंद करणे मात्र आपल्याच हाती आहे.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ साली झाला आणि पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांकडे सोपविला गेला. वैदू आणि बोगस डॉक्टर आपल्या क्षेत्रात शिरतात म्हणून आपण निवेदने देतो. मग शेजाऱ्याच्या कोंबडीला सुई देणारा एम.डी. कोण ठरतो?

मग करावे काय?

पशुवैद्य येईपर्यंत घरच्यांनी काय करावे, हे मी त्यांच्याकडूनच शिकून घेतले. ते थोडक्यात देतो. पक्ष्याला इतरांपासून वेगळे, सावलीत, शांत जागी ठेवावे. फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर नव्हे, तर पोते, भुसा किंवा गवत अंथरून त्यावर बसवावे. दाणापाणी चोचीला पोचेल इतके जवळ ठेवावे. बळेबळे चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. पाय ओढू नये, चोळू नये, घट्ट बांधू नये. दिवसातून काही वेळा कूस बदलून द्यावी, नाहीतर छातीला जखमा होतात. हात साबणाने धुवावेत. आजारी पक्षी कापून खाऊ नये आणि विकूही नये. मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय फिरते वाहन दारी येण्याची सोय आहे. तो क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा.

आपल्या संस्थेपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्यापैकी कोणीही जनावराला किंवा पक्ष्याला माणसांचे औषध देणार नाही, चिठ्ठीवरही लिहून देणार नाही, असा आपण आपापसांत संकेत पाळावा. दुसरी, तापाच्या वा श्वसनाच्या आजारी मुलाची माहिती घेताना घरातील पक्षी व जनावरे आजारी आहेत काय, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. तिसरी, वर्षातून एकदा आपल्या सभेत पशुवैद्यांना व्याख्यानासाठी बोलवावे. उपचार म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडून शिकण्यासाठी. आपण त्यांना कनिष्ठ मानत आलो, हे मान्य करण्यात संकोच नसावा. ज्याचा रुग्ण बोलत नाही, त्याचे काम आपल्याहून कठीण आहे. बालरोगतज्ज्ञाला निदान आईचा तरी आधार असतो.

टर्की आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला असा पक्षी जहांगीर बादशहाने कौतुकाने पाहिला, त्याच्या डोक्याचे पालटणारे रंग आपल्या आत्मवृत्तात नोंदवले, आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र करवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मोगलांच्या दक्षिणेच्या राजधानीच्या, बुऱ्हाणपूरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या आपल्याला यातून एवढे घेता येईल, की नव्या प्राण्याला घरात आणण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहावे. हौसेने पिल्लू आणणाऱ्याने त्याचे खाद्य कोणते, जागा कोणती, पशुवैद्य कोठे, एवढे तरी विचारून घ्यावे. भेट म्हणून जीव देणाऱ्या मामांनीही!

राजाचे काय झाले, हे सांगून थांबतो. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले की आठ दिवस उलटून गेल्याने कंडरा पूर्णपणे जागी येणे अवघड आहे. तो दाणापाण्यापर्यंत स्वतः पोचू लागला तर जगेल; वेदनेत पडून राहिला तर त्याला शांत मरण देणे हीसुद्धा सेवाच ठरेल. हे त्यांनी मुलासमोर, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. मी असतो तर कदाचित खोटा धीर दिला असता. मुलाने ऐकले, आणि दुसऱ्या दिवसापासून योग्य खाद्य, गवताची गादी आणि दिवसातून चार वेळा कूस बदलणे, हे सारे शाळा सांभाळून केले.

तीन आठवड्यांनी राजा उभा राहिला. तो आजही लंगडतो. त्याचा पाय सरळ झालेला नाही आणि होणारही नाही. पण तो अंगणात फिरतो, आणि मी त्या घरावरून गेलो की मान ताठ करून ओरडतो. परवा तो मुलगा दवाखान्यात आला. या वेळी ताप त्यालाच होता. मी छातीला नळी लावण्याआधी तोच म्हणाला, "काका, घरातले पक्षी सगळे बरे आहेत. तुम्ही विचारणार होतात ना?"

विचारणारच होतो. आपण सर्वांनी विचारावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.